ट्रेक गाडीपाशी संपत नाही : रतनगडचा मुक्काम आणि साम्रदच्या रस्त्यावरची दुपार

(आपल्या पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलताना झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलंय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी.)

मार्च सुरू झाला की मला दरवर्षी तुमचे तेच तेच प्रश्न येतात. उन्हाळा पूर्ण तापायच्या आत एखादा मुक्कामी ट्रेक करायचाय, कुठे जाऊ? बॅगेत काय भरू? बूट कुठले घेऊ? या सगळ्यावर आपण आधी बोललोय. पण एक प्रश्न आजवर एकानेही विचारला नाही, तो म्हणजे, "गाडीचं काय?"

आज त्याच्यावर बोलायचंय. आणि त्यासाठी मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगावी लागणार आहे, जी मी आजवर फक्त एका माणसाला सांगितली आहे. ताई हा भाग ऐकणार हे मला माहीत आहे. त्यामुळे आधी दाजींची परवानगी घेतली आणि मगच माइक चालू केला.

कोण, कुठे, कधी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. होळीच्या आधीचा शनिवार. आम्ही चौघं : मी, माझे दाजी, चौदा वर्षांची भाची आणि ऑफिसातला एक मित्र. गाडी दाजींची, चालवत होतो मी. डोंबिवलीहून पहाटे साडेतीनला निघालो. कसारा घाट, घोटी, बारी, शेंडी आणि तिथून भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या कडेकडेने रतनवाडी.

ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. भंडारदऱ्याचं धरण, म्हणजे विल्सन धरण, प्रवरा नदीवर आहे आणि ते १९२६ साली पूर्ण झालं. प्रवरेचा उगम रतनगडाच्याच परिसरातला. जलाशयाच्या एका टोकाला शेंडी गाव आणि धरण, दुसऱ्या टोकाला रतनवाडी. रतनवाडीत अमृतेश्वराचं जुनं, कोरीव कामाने भरलेलं मंदिर आहे आणि तिथूनच गडाची वाट सुरू होते. जलाशयाला वळसा घालणारा रस्ता पुढे साम्रद आणि घाटघरवरून परत शेंडीला येतो. साम्रद म्हणजे सांदण दरीचं गाव. हा वळसा दिसायला फार सुंदर आहे, पण वस्ती विरळ, वाहनं कमी, आणि मोबाइलला रेंज आली तर आली.

फाल्गुनातला रतनगड पावसाळ्यातल्यापेक्षा अगदी वेगळा असतो. पावसाळ्यात जे ओढे ओलांडताना कंबर भिजते त्यांच्यात आता नुसते गोटे आणि मधे मधे डबकी. झाडी मात्र दाट आहे, त्यामुळे चढाचा बराच भाग सावलीतून होतो. सावर लालभडक फुललेली, खाली फुलांचा सडा, आणि वर पाखरांचा नुसता कालवा. शेवटी लोखंडी शिड्या, मग गणेश दरवाजा, आणि वर गुहा. दुसऱ्या दिवशी सकाळी नेढ्यात बसून समोर अलंग, मदन, कुलंग आणि कळसूबाई बघायचं. भाची त्या नेढ्यातल्या वाऱ्यात तासभर बसली होती. उठायलाच तयार नाही.

एक गोष्ट इथे सांगायला हवी. हा सगळा परिसर कळसूबाई–हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. गडावर रात्री राहू देतात की नाही, याचे नियम बदलत असतात. तुम्ही जाल तेव्हा गावातल्या वनखात्याच्या नाक्यावर आधी विचारा. वर मुक्कामाला परवानगी नसेल तर रतनवाडीत घरगुती सोय होते, तिथे राहा आणि पहाटे चढा. आणि मार्चमध्ये शेकोटी अजिबात नको. गवत वाळून काडी झालेलं असतं, एका ठिणगीत अख्खा उतार पेटतो. वणवा सोडा, नुसत्या धुराने आग्या मोहोळ उठलं तरी पळायला जागा नसते.

काटा

आता मुद्द्याचं.

पहाटे कसारा घाट चढताना पुढे ट्रकची रांग होती. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत होतो. दाजी शेजारी डोळे मिटून बसलेले, मागे दोघं गाढ झोपलेली. आणि मला दिसलं की टेंपरेचरचा काटा मध्यावरून वर सरकलाय. लाल रेषेपर्यंत नाही गेला. पण एरवी जिथे असतो तिथून नक्की वर होता.

मी काही बोललो नाही.

का नाही बोललो? कारण दाजी स्वभावाने सावध. "थांब, परत फिरू, गाडी दाखवून घेऊ," असं ते शंभर टक्के म्हणाले असते. भाची महिनाभर या ट्रेकची वाट बघत होती. मी स्वतःला सांगितलं, घाटामुळे असेल. घाट संपला, गाडी वेगात आली, काटा खाली आला. बघ, म्हणालो, काही नव्हतं.

असं का झालं ते आता नीट समजून घेऊ, कारण नेमकं इथेच बहुतेक लोक फसतात.

इंजिनाची उष्णता कूलंट, म्हणजे रंगीत औषध घातलेलं पाणी, उचलतं आणि रेडिएटरमध्ये आणतं. तिथे हवेने ते थंड होतं. हायवेवर गाडी ऐंशीने पळत असेल तर समोरून वारा भरपूर लागतो. घाटात नेमकं उलटं होतं. इंजिनावर ताण सगळ्यात जास्त आणि वारा सगळ्यात कमी. म्हणजे यंत्रणेत थोडी जरी खोट असेल, पाणी थोडं कमी असेल, पंखा नीट फिरत नसेल, तर ती खोट घाटातच उघडी पडते. सपाटीवर काटा खाली आला याचा अर्थ गाडी बरी झाली असा नसतो. परीक्षा संपली, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या गाडीत रेडिएटरच्या वरच्या रबरी पाइपची क्लिप सैल झाली होती. पाणी गरम होऊन दाब वाढला की तिथून थोडं थोडं झिरपायचं. गरम इंजिनावर पडून वाळूनही जायचं, त्यामुळे पार्किंगमध्ये खाली ओघळ दिसायचा नाही. घोटीला चहाला थांबलो तेव्हा बॉनेट उघडून टाकीची पातळी बघायला दोन मिनिटं लागली असती. मी चहा प्यायलो आणि एक वडापाव खाल्ला.

परतीचं पाणी

रविवारी साडेदहाला गड उतरलो. रतनवाडीत एका घरी पिठलं-भाकरी सांगून ठेवली होती. जेवलो, मंदिर बघितलं, गप्पा मारल्या. निघेपर्यंत साडेबारा.

आता चौघांत मिळून पाणी किती उरलं होतं? साधारण एक लिटर. आम्ही जाताना मोजून नेलं होतं बरं का! माणशी चार लिटर, शिवाय वर टाक्यातलं गाळून, उकळून. ट्रेकचं नियोजन चोख होतं. पण ते नियोजन गाडीच्या दारापाशी संपत होतं. गाडी दिसली की आपल्या डोक्यात "पोहोचलो" अशी घंटा वाजते. शेंडीला बाटल्या मिळतील, असं म्हणून गावात बाटल्या भरूनही घेतल्या नाहीत.

आणि मग भाची म्हणाली, "मामा, सांदण दरी नुसती वरून बघूया ना?" म्हणून शेंडीकडे न वळता गाडी साम्रदच्या बाजूला घातली.

चढ सुरू झाला. काटा वर गेला. आता मात्र मी बघत होतो. तो आणखी वर गेला, आणि मग अचानक खाली यायला लागला. मी खूश. हे लक्षात ठेवा, मंडळी, कारण आजच्या भागातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच आहे. त्या काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणी इतकं कमी झालं की सेन्सर उघडा पडला, तर तो पाण्याचं नाही, हवेचं नाहीतर वाफेचं तापमान सांगायला लागतो. काटा खोटं बोलतो. इंजिन भाजत असतं आणि काटा म्हणतो, सगळं ठीक. चढावर कारण नसताना काटा पटकन खाली आला तर आनंद मानू नका, थांबा.

पुढच्या वळणावर गाडीची ओढ गेली. गोडसर वास आला, कूलंटचा असतो तो. आणि बॉनेटच्या फटीतून वाफ. गाडी कडेला घेतली, बंद केली. सव्वा वाजला होता. चारही फोनना रेंज नाही.

आम्ही काय चुकलो

दाजी म्हणाले, "गाडी माझी आहे, मी बघतो." मागे काही अंतरावर दोन-तीन घरं दिसली होती, तिथून पाणी आणतो म्हणाले. मी म्हटलं, मी जातो. ते म्हणाले, "तू काल रात्री झोपला नाहीयेस, गाडी तुलाच चालवायचीय." बोलणं बरोबर वाटलं. त्यांनी अर्धा लिटरची बाटली घेतली आणि निघाले. मार्चमधली दुपार, डांबरी रस्ता, वय बावन्न, बीपीची गोळी चालू, आदल्या दिवशीचा चढ आणि सकाळचा उतार पायात.

तास झाला. दाजी आले नाहीत.

तेवढ्या वेळात मी शंभर वेळा त्या वळणाकडे बघितलं असेल. भाची सुरुवातीला फोनवरचे फोटो बघत होती, मग तिने फोन ठेवून दिला. "मामा, बाबांकडे टोपी आहे ना?" असं एकदाच विचारलं. टोपी मागच्या सीटवर पडली होती. आम्हा दोघांनाही ती दिसत होती.

मित्राला भाचीजवळ थांबवून मी निघणार, तेवढ्यात एक मोटरसायकल आली. चालवणारा तिथलाच एक तरुण, मागे दाजी, आणि दोघांच्या मधे पाच-पाच लिटरचे दोन कॅन. दाजींचा चेहरा पांढरा पडलेला. तो पोरगा म्हणाला, "जांभळीखाली बसले होते, उठवत न्हवतं त्यांना. वकारी पण झाली." त्याने आधी त्यांना घरी नेलं होतं, त्याच्या आईने गूळ आणि पाणी दिलं, डोक्यावर ओला पंचा ठेवला, अर्धा तास पडवीत निजवलं. मग पाणी घेऊन आला.

मी पैसे काढले. तो नको म्हणाला. म्हणाला, "आईनं सकाळी विहिरीवरून आणलंय. गाडीत जपून वता."

धरणाच्या काठावरचं गाव. पण मार्चमध्ये तिथल्या बायकांना पाणी डोक्यावरून आणावं लागत होतं. आणि तो हंडा मी रेडिएटरमध्ये ओतला. जवळजवळ चार लिटर गेलं.

गाडी तापली तर नेमकं काय करायचं

आता क्रमाने सांगतो. लिहून घ्या हवं तर.

काटा मध्याच्या वर जायला लागला की आधी एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा पूर्ण वेगात. उन्हात हीटर म्हणजे शिक्षा वाटते, पण हीटरच्या आत एक छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनाची थोडी उष्णता बाहेर टाकतो. खिडक्या उघडा. यात आणखी एक निदान मिळतं. इंजिन तापलंय आणि हीटरमधून मात्र थंड हवा येतेय, तर पाणी संपलंय असं समजा आणि तिथेच गाडी बंद करा. पुढचं एक किलोमीटरसुद्धा महागात जातं.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना काटाच नसतो, नुसता दिवा असतो. लाल दिवा लागला म्हणजे "लवकरच बघा" नाही, "आत्ता थांबा".

थांबलात की सावली बघा, हँडब्रेक ओढा, चाकाखाली दगड लावा. आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका. कितीही घाई असली तरी नाही. आपला प्रेशर कुकर आठवा. झाकणामुळे आत दाब असतो, म्हणून पाणी १०० अंशांवर न उकळता साधारण १२० अंशांपर्यंत द्रवच राहतं. झाकण काढलं की दाब एकदम जातो, आणि ते सगळं पाणी त्याच क्षणी वाफ होऊन तुमच्या तोंडावर येतं. कुकरची शिट्टी पडायची वाट बघतो ना आपण? तशीच इथे किमान पाऊण तास बघायची. वरचा रबरी पाइप कापडातून हलकेच दाबून बघा. तो मऊ आणि कोमट लागला की मग जाड फडकं ठेवून झाकण थोडं फिरवा, फुस्स आवाज संपू द्या, आणि मग पूर्ण उघडा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतायचं नाही, धातूला तडा जाऊ शकतो. आणि बाहेरून इंजिनावर पाणी मारायचं तर मुळीच नाही.

पाणी भरलं की गळतं कुठे ते शोधा. पाइपांची टोकं, क्लिपा. आमची क्लिप स्क्रू-ड्रायव्हरने चार आटे फिरवल्यावर बसली. चार आटे! रेडिएटरचा पंखा फिरत नसेल तर त्याचा फ्यूज बघा. बॉनेटखालच्या डब्याच्या झाकणावर आत चित्र असतं, आणि बहुतेक वेळा जादाचा फ्यूजही तिथेच ठेवलेला असतो. गाडी गावात रात्रभर उभी असेल तर उंदरांनी वायर कुरतडलीय का, हेही बघा. साधं पाणी घालून घरी पोहोचता येतं, पण नंतर ते काढून योग्य कूलंट भरून घ्यायचं.

निघाल्यावर दर दोन-तीन किलोमीटरला थांबून पातळी बघत आम्ही घाटघरमार्गे शेंडीला आलो. गाडी घरी पोहोचली, पण पुढच्या आठवड्यात हेड गास्केट बदलावं लागलं. ते बिल मी भरलं. दाजींना वाटलं, मेहुणा फारच मोठ्या मनाचा आहे.

आणि माणूस तापला तर

खरं सांगायचं तर गाडीपेक्षा माणूस महत्त्वाचा, आणि आम्ही हिशेब उलटा केला होता. अडचणीतल्या गाडीपाशी सावलीत बसून राहणं हे बहुतेक वेळा चालत निघण्यापेक्षा शहाणपणाचं असतं. दुपारी बारा ते चार या वेळात तर नक्कीच. वाट बघायची, ऊन कलू द्यायचं. जायचंच असेल तर एकट्याने जायचं नाही, दोघांनी जायचं, टोपी आणि माणशी एक लिटर पाणी घेऊन. गाडीपाशी थांबणाऱ्यांनीही गाडीत नाही, झाडाखाली बसायचं.

उन्हाने थकवा आलेल्या माणसाला घाम फार येतो, डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, पायात गोळे येतात. त्याला सावलीत आडवं करा, पाय थोडे वर, कपडे सैल, मानेवर आणि काखेत ओलं फडकं, वारा घाला. ओआरएसचं पाणी घोट घोट द्या. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ती विरघळवायची, घट्ट करायची नाही. पण तो माणूस असंबद्ध बोलायला लागला, ओळखेना, अंग भट्टीसारखं तापलं, शुद्ध हरपायला लागली, तर तो उष्माघात आहे. तोंडाने पाणी देत बसू नका, अंगावर पाणी टाकून गार करत राहा आणि १०८ला कळवा. त्या पोराच्या आईने हे कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. तिने जे केलं ते जवळजवळ सगळं बरोबर होतं.

बाकीचे चार त्रास, थोडक्यात

स्टेपनी : निघण्याआधी स्टेपनीतली हवा बघा. वर्षभर कोणी बघत नाही आणि लागते तेव्हा ती चपटी असते. जॅक आणि पाना गाडीतच आहे ना, तेही बघा. चाकाचे नट गाडी उचलण्याआधी सैल करायचे, उचलल्यावर नाही. उतारावर जॅक लावायचा नाही, सपाट जागेपर्यंत हळूहळू न्यायची, टायर गेला तरी चालेल.

बॅटरी : मुक्कामी ट्रेकला निघताना पहाटे बॅगा काढतो, डिकीचा नाहीतर आतला दिवा चालू राहतो, आणि दुसऱ्या दिवशी गाडी नुसती टक टक करते. गाडी लावल्यावर एक माणूस फक्त दिवे बघायला ठेवा. हाताच्या गिअरची गाडी धक्का मारून दुसऱ्या गिअरमध्ये चालू होते. ऑटोमॅटिकला ही सोय नाही, म्हणून जंपर केबल जवळ असू द्या.

पार्किंग : मार्चमध्ये वाळलेल्या गवतावर गाडी लावू नका. खालचा सायलेन्सर आणि त्याच्या आधीचा भाग इतका तापलेला असतो की गवत पेटू शकतं. मोकळी माती किंवा मुरूम बघा.

उतार : परतीच्या घाटात ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. ज्या गिअरमध्ये चढला असतात त्याच गिअरमध्ये उतरा. जळका वास आला तर थांबा, ब्रेक गार होऊ द्या.

घरी सांगून जाणं म्हणजे काय

शेंडीजवळ रेंज आली तेव्हा साडेपाच वाजले होते. ताईचे एकवीस मिस्ड कॉल. मी तिला सांगितलं होतं, "दुपारी तीनपर्यंत निघू." बस, एवढंच. कुठल्या रस्त्याने, कोणाकडे जेवणार, तीन म्हणजे तिथून निघणार की फोन करणार, काही नाही. आणि साम्रदचा वळसा तर आम्ही ऐनवेळी घातला होता. काही झालं असतं तर शोधणारे शेंडी–रतनवाडी रस्त्यावर शोधत बसले असते.

आता मी दोन वेळा सांगून जातो. पहिली वेळ : तेव्हा माझा फोन येईल. दुसरी वेळ, त्यानंतर तीन तासांनी : तोवर आला नाही तर काळजी करायला लागा, आणि या माणसाला फोन करा. हा माणूस म्हणजे पायथ्याच्या गावातला, ज्याच्याकडे आम्ही जेवतो तो. रस्ता बदलायचा असेल तर रेंज असतानाच मेसेज टाकायचा. नसेल रेंज, तर रस्ता बदलायचा नाही.

फोनबद्दलही दोन गोष्टी. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचं नेटवर्क तिथे असेल तर ११२ लागू शकतो, म्हणून प्रयत्न करून बघा. आणि जिथे बोलणं होत नाही तिथे साधा एसएमएस कधी कधी जातो. नकाशा आधीच उतरवून ठेवला तर आपण कुठे आहोत ते रेंजशिवायही दिसतं, कारण जीपीएसला मोबाइलचा टॉवर लागत नाही.

गाडीतली पेटी

त्या ट्रेकनंतर गाडीत एक पेटी कायम असते. दहा लिटर पाण्याचा कॅन, त्याला बॅगेतल्या पाण्याशी काही देणंघेणं नाही. अर्धा लिटर कूलंट, स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, दोन जादा क्लिपा, फ्यूज, टॉर्च, जाड फडकं, जंपर केबल, ओआरएसच्या सहा पुड्या, चिक्की, एक चादर आणि टोप्या. हे सगळं एका भाजीच्या क्रेटमध्ये मावतं. कॅनमधलं पाणी दर ट्रेकला बदलायचं. आणि परत येताना वाटेतल्या कोणाला लागलं तर द्यायचं.

शेवटचं

काट्याची गोष्ट मी दाजींना सहा महिन्यांनी सांगितली. गणपतीत त्यांच्याकडे गेलो होतो, मोदक वळून झाले होते, ताई आत होती. मी सांगितलं की कसाऱ्यात मला दिसलं होतं आणि मी मुद्दामच बोललो नाही. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तरीच बिल भरलंस." आणि थोड्या वेळाने, "ताईला सांगू नकोस." आता ताईलाही कळलं. ताई, रागावू नकोस. रागावलीस तरी चालेल.

मला आजही वाटतं की त्या दिवशी बिघडली ती क्लिप फार छोटी गोष्ट होती. पहाटे पाच वाजता गाडीत चार माणसं होती आणि बिघाड फक्त एकाला माहीत होता, हे खरं मोठं होतं. म्हणून आता आमच्या ग्रुपचा एक नियम आहे. गाडीत, गडावर, कुणालाही काहीही वेगळं दिसलं, वास आला, आवाज आला, पाय दुखला, तर ते मोठ्याने सांगायचं. ट्रेक रद्द होईल की नाही ते नंतर चौघं मिळून ठरवतील. एकट्याने ठरवायचं नाही.

भाची आता कॉलेजात आहे. नेढ्यातला तो फोटो अजून तिच्या फोनवर आहे. दाजी मात्र मुक्कामी ट्रेकला पुन्हा आले नाहीत. मीही आग्रह केला नाही. त्या पोराकडे मात्र आम्ही दर होळीच्या आसपास जातो. रिकाम्या हाताने नाही जात.

तर मंडळी, या वीकेंडला कुठे निघत असाल तर घर सोडण्याआधी, गाडी थंड असताना, बॉनेट उघडा आणि टाकीची पातळी बघा. दोन मिनिटं लागतात. तुमच्याबरोबर रस्त्यावर काय काय घडलंय, कोणी मदत केली, तुम्ही काय शिकलात, मला जरूर कळवा. निवडक अनुभव पुढच्या भागात वाचून दाखवीन. तोवर काळजी घ्या, पाणी जास्त घ्या. भेटूया!